दुसरी किल्ली

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की प्रवाशांचे सगळे लक्ष वड्याकडे असते. गाडीच्या पाठीमागे काय चालले आहे हे पाहायला सहसा कुणी जात नाही. तेथे घाटासाठी जादा इंजिने जोडण्याचे काम चाललेले असते. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बोरघाटाचा चढ पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून हे बँकर मागून रेटत गाडीला लोणावळ्यापर्यंत पोहोचवतात, तेथे सुटतात आणि मुकाट्याने घाट उतरून पुढच्या गाडीसाठी खाली येतात. अलीकडे काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिने असतात, त्यांना ही मदत लागत नाही. पण बँकरचे दिवस अजून सरलेले नाहीत. गाडीला नाव असते, पाटी असते, वेळापत्रकात जागा असते. बँकरला यातले काहीच नसते.

उभी हयात बँकेत काढल्यामुळे मला या शब्दाची पहिल्यापासून गंमत वाटत आली आहे. पण परवा एका तरुण मुलाच्या निमित्ताने तो वेगळ्याच अर्थाने आठवला.

काशेळ्याच्या रस्त्यावर एका गृहस्थांची भाताची गिरणी आहे. गिरणीचे पहिले कर्ज माझ्याच सहीने मंजूर झालेले. हप्ता कधी चुकला नाही, आणि मी निवृत्त झालो तरी त्यांच्या तोंडचे ‘साहेब’ सुटले नाही. एका रविवारी ते मुलाला घेऊनच घरी आले. मुलगा वेब डेव्हलपर. ठाण्याला एका कंपनीत कामाला, जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये.

“साहेब, पोराला जरा सांगा,” गिरणीवाले पायरीवरच म्हणाले. “नोकरी धड आहे. पण घरी आला की जेवतो आणि परत त्या मशीनसमोर बसतो. रात्रीचा एक-एक वाजतो. बरं, त्याचे पैसे मिळत असतील तर तेही नाही. सगळं फुकट! गिरणी अशी चालवली असती तर तुमचं कर्ज फिटलं असतं का?”

मुलगा हसला. “काका, तुम्ही आधी बघा तरी,” म्हणून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

त्यात तीन-चार गोष्टी होत्या. कर्जत स्टेशनावरून काशेळे आणि खांडसकडे जाणाऱ्या जीप व सहा आसनी रिक्षा साधारण कोणत्या लोकलला धरून सुटतात, शेवटची कधी, याचा एक तक्ता. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणांची माहिती, म्हणजे कोणता हळवा, कोणता गरवा, कोणत्या जमिनीत कोणता बरा, हे साध्या मराठीत मांडलेले. आजीच्या तोंडच्या शब्दांचा एक कोश, त्यात चारशेच्या आसपास शब्द. आणि चौथी गोष्ट पावसाची नोंद. परसात एक पर्जन्यमापक उभा केलेला आणि रोज सकाळी साडेआठचा आकडा टिपलेला.

याखेरीज रोज रात्री तो पाच-सहा ओळी लिहून ठेवतो. त्याही त्याने दाखवल्या. ‘आज लोकल वांगणीला वीस मिनिटे उभी. जीपचा तक्ता दुरुस्त केला, कशेळीचे काशेळे केले. आईचा गुडघा पुन्हा दुखतोय. वीज दोनदा गेली. आजीने नवा शब्द सांगितला.’ एवढेच. त्यात ना चिंतन, ना अलंकार.

बापाचा प्रश्न खोटा नव्हता. घाम गाळायचा तर त्याचे मोल मिळाले पाहिजे, हे कष्टाने वर आलेल्या माणसाचे साधे शास्त्र असते. पण उत्तर द्यायला गेलो तेव्हा लक्षात आले की या प्रश्नात माझेही थोडे हिशेब अडकलेले आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या खात्यांचे व्याज तपासून रात्री कादंबरीची पाने लिहिताना मीही हेच करत होतो. आमच्या नोकरीच्या नियमांत बाहेरच्या कमाईवर बंधन होते, कधीमधी केलेल्या साहित्यिक कामाला मात्र सूट होती. पहिल्या कादंबरीच्या वेळी मी तरीही रीतसर अर्ज केला. वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “यात बँकेचं काही नाही ना?” मी नाही म्हणालो. खरे तर निम्मी कादंबरी काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसांनीच मला दिली होती.

आपल्याकडे अशा कामाला आपण ‘रिकामे उद्योग’ म्हणतो. पण महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे बरेच काही याच रिकाम्या उद्योगांतून आलेले आहे. पांडुरंग वामन काणे यांचा व्यवसाय वकिलीचा. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षक होते, आणि १८९६ साली त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हेही शाळामास्तर. आकड्यांशी खेळत बसणारा वेडा माणूस म्हणून त्यांना हसणारे पुष्कळ होते. त्यांनी दाखवलेली गंमत रविवारी मुलांना करून पाहायला सांगावी. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत उत्तर ६१७४ येते आणि तेथेच थांबते. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली वर चढली. तीच संख्या घ्या. ८६३१ मधून १३६८ गेले, ७२६३ उरले. पुढे ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सहाव्या खेपेला ६१७४. कापरेकरांना हे १९४९ च्या सुमारास सापडले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग आपल्यालाही आपल्या मास्तरांची किंमत कळली.

संगणकाच्या जगातही तेच. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीच्या जाळ्याची एक कल्पना वरिष्ठांपुढे ठेवली. तो त्या संस्थेचा अधिकृत मोठा प्रकल्प नव्हता. संस्थेचे काम अणूच्या पोटात शिरण्याचे. वरिष्ठांनी कल्पना धूसर आहे पण रोमांचक आहे असा शेरा मारला आणि माणसाला वेळ दिला. १९९३ च्या ३० एप्रिलला सर्नने ते जाळे जगाला मोफत खुले केले. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक संगणकप्रणाली करत आहोत, ती काही फार मोठी होणार नाही, असे लोकांना कळवले. आज अँड्रॉइडचे फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतात.

मराठीपुरते बोलायचे, तर १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून अजय गल्लेवाले यांनी ‘मायबोली’ सुरू केली. संगणकावर मराठी अक्षर उमटवणे हीच तेव्हा एक खटपट होती. ओंकार जोशी यांनी ‘गमभन’ ही मराठी टंकलेखनाची सोय केली. आणि मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या लक्षावधी लोकांच्या खिशात ज्याने गाड्यांचे वेळापत्रक ठेवले तो ‘एम-इंडिकेटर’ सचिन टेके या एका मराठी इंजिनिअरच्या उद्योगातून उभा राहिला. गिरणीवाल्यांना मी हे सांगितले तेव्हा ते चमकले. “हे कुणा एका पोरानं केलंय होय? मला वाटलं रेल्वेचंच आहे.”

रोज वापरली जाणारी वस्तू कुणीतरी केलेली असते हे आपल्या गावीही नसते. ती सरकारची असेल, रेल्वेची असेल, नाहीतर आपोआप आली असेल, असेच आपण धरून चालतो.

पण बोलणे इथवर आल्यावर मुलानेच खरी अडचण सांगितली. पुण्याच्या एका कंपनीची नवी नोकरी आली होती. पगार जवळजवळ दीडपट. करारात मात्र एक कलम होते: नोकरीच्या काळात कर्मचारी जे जे काही निर्माण करील त्यावर कंपनीचा हक्क राहील. बापाचे म्हणणे, सगळे बंद कर आणि सही कर. मुलाचे म्हणणे, आजीच्या शब्दांवर कंपनीचा हक्क कसा?

या विषयाने २०२२ साली बराच धुरळा उडाला होता. विप्रो कंपनीने प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकले आणि असे दुसरे काम म्हणजे सरळसरळ फसवणूक, असे कंपनीच्या प्रमुखांनी म्हटले. त्या वादात मी कंपन्यांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. पगार एकाचा घ्यायचा आणि तेच तास दुसऱ्याला विकायचे, हे बँकेत असताना कुणी केले असते तर मीच पहिला मेमो दिला असता. पण तास विकणे वेगळे आणि उरलेले तास आपल्या माणसांवर खर्च करणे वेगळे. पहिल्यात धन्याचे नुकसान आहे. दुसऱ्यात फार तर झोपेचे. करार लिहिणारे दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बांधून टाकतात, कारण सरसकट लिहिणे सोपे असते.

मी त्याला कर्जाच्या कागदपत्रांचा जुना धडा सांगितला. छापील करार म्हणजे देववाणी नव्हे. जे वगळायचे ते आधी लेखी वगळून घ्यावे. त्याने आपल्या चारही कामांची यादी केली, प्रत्येकाची सुरुवात कधीची ते लिहिले आणि ही कामे कराराबाहेर ठेवावीत अशी विनंती पाठवली. तीन आठवडे उत्तर नव्हते. त्या तीन आठवड्यांत गिरणीवाले माझ्याशी नीट बोलत नव्हते. मग होकार आला. अट एवढीच की कंपनीचे यंत्र नाही, कंपनीचा वेळ नाही आणि यातून कमाई नाही. अट वाजवी होती. तरुण वाचकांना माझे सांगणे आहे की सही करण्यापूर्वी विचारावे. विचारल्याने नोकरी जाईल ही भीती बहुधा खरी नसते. आणि खरी निघाली तर ती नोकरी कशी आहे हे आधीच कळते.

आता या सगळ्यात पावसाचे काय काम, असे कुणी विचारील. मीही विचारले होते. मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, माझा मामा चौकला राहतो.”

खालापूर तालुक्यातल्या चौकजवळ इरशाळगड आहे. त्याच्या कुशीत ठाकरांची इरशाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा तिच्यावर आला. वर जायला गाडीरस्ता नव्हता; बचावाची माणसे पावसात, चिखलात, डोंगर चढून गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली होती. विधिमंडळात तेव्हा सांगण्यात आले, की त्या भागात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इरशाळवाडीचे नाव नव्हते.

मामाने त्या आठवड्यात भाच्याला फोनवर विचारले होते, “तुमच्याकडे किती पडला?” याच्याजवळ उत्तर नव्हते. “लय पडला,” एवढेच तो म्हणू शकला. दिवाळीनंतर त्याने पर्जन्यमापक आणला.

घरच्या परसातल्या नळकांड्याने डोंगर थांबत नाही, हे त्याला कळते आणि मलाही. तसा आव कुणी आणू नये. पण पाऊस ही फार स्थानिक गोष्ट आहे, हे आपण वारंवार विसरतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. मोजायला एकच जागा असती आणि ती कुलाब्याला असती, तर कागदावर मुंबईत त्या दिवशी विशेष काही घडलेच नसते. कर्जत-खालापुरात तर एका बाजूला सह्याद्रीची भिंत, मध्ये माथेरान, प्रबळ, इरशाळ. एका खोऱ्यात ओढा भरून वाहतो तेव्हा पलीकडच्या खोऱ्यात लोक भात लावत असतात. हवामान खात्याच्या पायऱ्यांत चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस ही सर्वांत वरची पायरी. आपल्या डोक्यावर आपण कोणत्या पायरीला पोहोचलो आहोत, हे गावात कुणालातरी आकड्यात सांगता आले पाहिजे. ‘लय पडला’ यावरून कुणी रात्री घर सोडत नाही.

आणि एका दिवसाच्या आकड्याला अर्थ येतो तो आधीच्या शेकडो कंटाळवाण्या दिवसांमुळे. बँकेतल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आधी कीर्द, मग खतावणी. कीर्द म्हणजे रोजचे जमाखर्च, घडले त्या क्रमाने, त्याच दिवशी लिहिलेले. त्यात मोठे-लहान असा भेद नाही. कीर्दच नसेल तर खतावणी कशाची करणार, आणि ताळेबंद कशावर उभा राहणार? या मुलाच्या रात्रीच्या पाच-सहा ओळी ही त्याची कीर्द आहे. आईचा गुडघा, गेलेली वीज, वांगणीला थांबलेली लोकल. आज त्या फुटकळ वाटतील. पण जीपचा तक्ता, शब्दांचा कोश आणि पावसाची नोंद ही खाती याच कीर्दीतून तयार झाली.

मात्र कौतुकापाशी थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. अशा कामाला एक जुना रोग आहे. १९९० नंतरची गोष्ट. बँकांत संगणक येऊ लागला होता, संघटनांचा विरोध पुरता मावळला नव्हता. आमच्या एका शाखेत एका कारकुनाने फॉक्सप्रोवर व्याज आकारणीची एक सुटसुटीत प्रणाली स्वतःच्या हौसेने लिहिली. सहामाही अखेरीला आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत बसत असू ते नऊ वाजता घरी जाऊ लागलो. दोन वर्षांनी त्याची बदली झाली. पुढे एकदा व्याजदर बदलला आणि तो आकडा प्रणालीत नेमका कोठे बदलायचा हे कुणालाच ठाऊक नव्हते. महिनाभर आम्ही चुकीचे व्याज लावले. मग शेकडो खाती हाताने दुरुस्त केली आणि ती प्रणाली कायमची बंद झाली. शाखेने त्या मुलाला कधी शाबासकी दिली नाही. शिव्या मात्र त्याच्या पाठीमागे भरपूर दिल्या. मीही दिल्या. चूक त्याची एकट्याची नव्हती. दोन वर्षे आम्ही फळ खाल्ले, पण झाड कसे वाढते हे विचारायला कुणी गेलो नाही.

हौसेचे काम असेच एका माणसावर टेकलेले असते. त्याचे लग्न होते, बदली होते, मूल होते, तो थकतो, आणि एक दिवस लोकांच्या लक्षात येते की जीपचा तक्ता दोन वर्षांपूर्वीचा आहे. चुकीचा तक्ता हा तक्ता नसण्याहून वाईट. शेवटच्या जीपच्या भरवशावर रात्री स्टेशनात उतरलेल्या बाईला तो महागात पडतो.

म्हणून मी मुलाला तिजोरीची गोष्ट सांगितली. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसांच्या ताब्यात. एकावर अविश्वास म्हणून नव्हे. एक माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, मरतो, आणि बँक मात्र दुसऱ्या दिवशी उघडावी लागते म्हणून. बदली झाली की चार्ज द्यायचा असतो: काय आहे, कोठे आहे, काय अर्धे राहिले आहे, सगळे लिहून. “तुझ्या प्रत्येक कामाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?” मी विचारले. त्याने मान खाली घातली.

पुण्याला जाण्यापूर्वीचा महिना त्याने त्यातच घालवला. जीपचा तक्ता स्टेशनाबाहेरच्या एका रिक्षावाल्याच्या मुलीकडे गेला; ती कर्जतला कॉलेजात आहे आणि तिच्या घरीच खबर आधी कळते. भाताच्या वाणांची जबाबदारी त्याच्या एका शेतकरी मित्राने घेतली. शब्दांच्या कोशाला वारस मिळाला नाही. तो त्याने एका वहीत छापून काढून गावच्या शाळेत ठेवला. निदान कागद तरी राहील.

प्रश्न उरला पर्जन्यमापकाचा. तो काही पुण्याहून वाचता येत नाही. आईने चष्म्याचे कारण सांगितले. शेवटी बाप म्हणाला, “आण इकडं. कसं बघायचं ते दाखव.”

आणि मग त्यांनी आतून गिरणीच्या जुन्या वह्या आणल्या. कोणाचे भात किती भरडले, पैसे किती, उधारी किती. प्रत्येक पावसाळी पानाच्या समासात बारीक अक्षरात काहीतरी होते. ‘दिवसभर पाऊस. गिरणी बंद.’ ‘लाइट नाही.’ ‘ओढा पुलावरून.’ ‘उघडीप, गिऱ्हाईक भरपूर.’ तीसेक वर्षांच्या वह्या. मुलाने त्या कधी उघडल्या नव्हत्या आणि बापाला त्यात दाखवण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नव्हते. फुकटचे काम या घरात आज सुरू झालेले नव्हते, एवढे मात्र मी गिरणीवाल्यांना त्या दिवशी ऐकवले. ते म्हणाले, “ते वेगळं, साहेब. ते हिशेबाचं होतं.”

आता मुलगा पुण्याला असतो. वह्यांच्या समासातल्या ओळी तो शनिवार-रविवारी एकेक करून संगणकात उतरवतो आहे. अलीकडे एकदा सकाळी मी काशेळ्याच्या रस्त्याने जात होतो. गिरणी उघडायची होती, साडेआठ वाजायला आले होते आणि गिरणीवाले परसात छत्री घेऊन घड्याळाकडे बघत उभे होते. मी हाक मारली. त्यांनी हातानेच थांबा म्हणून खूण केली, साडेआठ होऊ दिले, वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मग मला म्हणाले, “बासष्ट. काल रात्री वाटला त्यापेक्षा कमीच आहे.”